विजय सोडून सगळं मागितलंस

बाबल, परवा तुझं तेरावं झालं आणि काल सकाळीच तालुक्याहून दोन गाड्या धुरळा उडवत देवळासमोर येऊन थांबल्या. निवडणुकीची कुजबुज सुरू झाली की पहिली गाडी रवळनाथाकडे, हा आपल्या मतदारसंघाचा जुना रिवाज. गाडीतून एक इच्छुक उतरला. कडक इस्त्रीचा सदरा, हातात नारळ, मागे त्याची माणसं. सगळे गाभाऱ्यासमोर ओळीने उभे राहिले आणि गुरवाकडे बघू लागले. गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे बघितलं. तू ज्या खांबाला टेकून उभा राहायचास, तिथे तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा शिल्लक आहे.

शेवटी त्या बिचाऱ्यानेच हात जोडले आणि म्हणाला, "देवा, आपले आशीर्वाद असू द्यावेत." सभेत आभार मानावेत तसं. गाऱ्हाणं असं घालतात का रे? 'व्हय महाराजा' म्हणायला आम्ही सगळे तोंड उघडून तयार होतो, ती तोंडं तशीच मिटली. देवही बुचकळ्यात पडला असेल, की हा गृहस्थ काही मागायला आलाय की निरोप घ्यायला.

मला तुझा भयंकर राग आला. निवडणूक तोंडावर आलेली असताना कोणी असं जातं का? आयुष्यभर तुला 'मेल्या' म्हणून हाक मारली आणि तू दर वेळी ओ दिलीस. आता ती हाक तोंडातून बाहेर पडत नाही, आणि दुसरी मला येत नाही.

आता नव्या पोरांना सांगायला हवं की तू कोण होतास. तू मानकऱ्याच्या घरातला, म्हणून देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान तुझा. माणसाच्या मनात जे असेल ते तू देवाला खणखणीत मालवणीत सांगायचास आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून शिक्का मारायचा. पण तू नुसता मानकरी नव्हतास, एका पक्षाचा कडवा कार्यकर्ताही होतास. मी भाताच्या गिरणीवाला दत्तो, समोरच्या पक्षाचा. तुमचा झेंडा तुझ्या माडावर, आमचा माझ्या गिरणीवर. वाऱ्याने दोन्ही झेंडे एकाच दिशेला फडकायचे याचासुद्धा आपल्याला राग यायचा.

तुझ्या वडिलांनी तुला एकच नियम घालून दिला होता. नारळ घेऊन जो येईल त्याचं गाऱ्हाणं घालायचं, माणूस बघायचा नाही, आणि कोणी एकट्याने येऊन घातलेलं गाऱ्हाणं दुसऱ्याला सांगायचं नाही. म्हणून आमच्या पक्षाचा उमेदवार आला तरी तू घसा फोडून त्याच्यासाठी विजय मागायचास आणि संध्याकाळी त्याच घशाने त्याच्याविरुद्ध सभा घ्यायचास. मी एकदा विचारलं होतं, सगळ्यांनाच जिंकव म्हणून सांगतोस, देवाने ऐकायचं कोणाचं? तू म्हणालास, "मी अर्ज पोचवतंय. निकाल माज्याकडे नाय."

या मतदारसंघाचा इतिहास कोणा पंडिताला लिहायचा असेल तर त्याने कागद चाळू नयेत. तुझी गाऱ्हाणी कोणी ध्यानात ठेवली असती तरी पुरे झालं असतं.

आपल्याला मिसरूड फुटत होतं तेव्हा ते खादीवाले गुरुजी उभे होते, आमच्या पक्षाचे. तुझं ते पहिलंच गाऱ्हाणं. होडीतून खाडी ओलांडून आले, देवळाबाहेर चपला काढल्या आणि स्वच्छ सांगितलं, "मी देव मानत नाही. लोकांनी आग्रह केला म्हणून आलो." गुरवाचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, संपलं. आणि तू, कोवळ्या घशाने, डोळे मिटून सुरू झालास, "बा देवा रवळनाथा महाराजा, ह्यो माणूस तुका मानणा नाय, पण तू तेका मान! तेचो पाय गावाक बरो लागांदे, रे महाराजा!" अख्खं देऊळ गरजलं, व्हय महाराजा. गुरुजी निवडून आले. पुढे त्यांनी हा किस्सा कोणाला सांगितला नाही, पण दर वर्षी जत्रेला न चुकता येऊ लागले. दर्शन घ्यायचे नाहीत, बाहेर बसून खाजं खायचे.

मग मुंबईचे शेठ आले. त्यांनी खाडीवर पूल देण्याचं वचन दिलं आणि ते इतकं मनापासून पाळलं की दर निवडणुकीला नव्याने दिलं. पुलाच्या भूमिपूजनांना फोडलेल्या नारळांच्या करवंट्या जरी पाण्यात टाकल्या असत्या तरी खाडी बुजून माणसं चालत गेली असती. मतदानाच्या आदल्या दिवशी मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या भरून यायच्या. येताना फुकट, मत दिल्यावर जाताना ज्याचं त्याने बघायचं. तुझा मेहुणा असाच आला आणि पुढे महिनाभर तुझ्याकडे राहिला. त्या निवडणुकीत सगळ्यांत जास्त नुकसान तुझ्या फणसांचं झालं.

आणि वकीलसाहेब! पहिल्या खेपेला ते आले तेव्हा त्यांनी समोरच्या पक्षाचं नावनिशाण मिटव असं मागून घेतलं होतं. पुढच्या खेपेला ते त्याच पक्षातर्फे उभे. देवळात येऊन हळूच तुझ्या कानाशी लागले, "मागचं मागे घेता येईल का हो?" तू मान हलवलीस. देवापुढे बोललेलं परत घेता येत नाही. मग तू हात जोडून म्हणालास, "बा महाराजा, मागच्या वक्ताक ह्येना जा काय मागल्यान ता तुज्या ध्यानात आसतला. आता ह्यो स्वताच थंय जावन बसलो हा. ह्येका जिंकव, पक्षाचा काय करूचा ता तू बघ!" वकीलसाहेबांनीही सगळ्यांबरोबर 'व्हय महाराजा' म्हटलं. ते जिंकले आणि पक्ष मात्र दोन वर्षांत बसला. तेव्हापासून तालुक्यात तुझा दरारा वाढला.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय, पण विसरू नकोस, तुझ्यावर माझा एक राग आहे. तुलाही तो ठाऊक आहे.

आमच्या पक्षाचा उमेदवार ठरलेला होता. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो दुपारी जेवायला म्हणून गेला आणि तुमच्या पक्षात जेवला. ढेकर दिल्याची बातमी आली तेव्हा कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. पुढाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाकी सगळे चहा प्यायला पांगले होते. मी एकटा बाकावर बसलो होतो, कारण माझी चप्पल तुटली होती. असा मी विधानसभेचा उमेदवार झालो.

पण एकदा झालो म्हटल्यावर मला ते खरं वाटायला लागलं रे. आरशासमोर उभा राहून मी हात जोडून पाहिले. गिरणीत भात घेऊन येणाऱ्या बायकांना मी 'माता-भगिनींनो' म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाजतगाजत देवळात आलो. मनात एकच, आज बाबल माझ्यासाठी मागणार. बाकीच्यांसाठी मागतो ती रीत झाली, माझ्यासाठी मागेल ते काळजातून येईल.

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. डोळे मिटलेस आणि सुरू केलंस. "बा देवा रवळनाथा महाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या धन्या, ह्यो दत्तो तुज्या पायाकडे इलो हा. तोंडान फटकळ, पण मनान बरो. ह्येका सांभाळ. उन्हातान्हात फिरतलो, तेच्या पायाक काटो लागू देव नको. तेचो आवाज बसू देव नको. दुपारचो येळार घराकडे जेवूक येवंदे, रे महाराजा!"

व्हय महाराजा, सगळे म्हणाले. आणि पुढच्या वाक्याची वाट बघू लागले. मी तुला कोपराने ढोसलं. "फुडे?"

"फुडे काय? झाला."

नारळ ठेवलास आणि तू चालता झालास. अरे, मी काय काशीयात्रेला निघालो होतो? ज्या देवापुढे तू वकिलासाठी, शेठसाठी, देव न मानणाऱ्या गुरुजींसाठी विजय मागितलास, त्याच देवापुढे माझ्यासाठी तू पायात काटा लागू नये एवढंच मागितलंस! आणि देवाने तेवढंच दिलं. काटा लागला नाही, आवाज बसला नाही, रोज दुपारी घरी जेवलो आणि अनामत जप्त झाली. आपल्या गावानेही मला मतं दिली ती नातेवाइकाला लग्नात पाकीट द्यावं तशी, हात आखडून.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. कसालच्या नाक्यावर चहा पिताना मी ते काढायचो. मसुऱ्याच्या रस्त्यावर, आंगणेवाडीच्या जत्रेच्या रांगेत, चारी पक्षांच्या पुढाऱ्यांच्या कमानींखालून सरकताना काढायचो. देवगडला तुझ्या भाच्याच्या लग्नात तर जेवणाच्या पंगतीत काढलं आणि वाढपी आमटी घेऊन तसाच उभा राहिला. "विजय मागूक तुज्या जिभेक काय झालेला?" तू दर वेळी एकच बोलायचास, "देवाक सांगण्यासारख्या जेवढा होता तेवढा सांगलंय. चाय पी, थंड होता." एकदा भर बाजारात मी ओरडलो की बाबल माझ्यावर जळतो, मी आमदार झालेलं त्याला बघवलं नसतं. लोक थांबून बघायला लागले. तू पिशवीतले मासे नीट केलेस आणि म्हणालास, "बांगडे बरे गावले आज. तुका दोन देव?" मी ते घेतले आणि रागाने खाल्ले.

मग ती युती झाली. तुमचा आणि आमचा पक्ष एका व्यासपीठावर! आपण दोघं एका गाडीतून प्रचाराला फिरलो. आयुष्यात इतकं कंटाळवाणं वर्ष मी पाहिलं नाही. भांडायला काही उरलंच नाही. तू खिडकीतून बाहेर बघायचास, मी दुसऱ्या खिडकीतून. शेवटी मी माझ्या गाऱ्हाण्याचा विषय काढला तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर हुशारी आली, हे मी बघितलं होतं.

मतदारसंघांची फेररचना झाली आणि आपलं गाव एका मतदारसंघातून उचलून दुसऱ्यात ठेवलं, तेव्हा तू ते देवाला रीतसर कळवलंस. "सरकारान मतदारसंघ बदलल्यान हा. तुजी हद्द होती तीच आसा. कोण नवखो इलो तर सांभाळून घी." आणि अलीकडे एकाच पक्षाचे दोन झाले, दोन्हीकडचे उमेदवार एकाच सकाळी दोन नारळ घेऊन आले, तेव्हा सगळे श्वास रोखून बसले होते. तू म्हणालास, "दोगय म्हणतत आपणच खरो. खरो कोण ता माका कळणा नाय, तुका म्हायत आसतला." देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण दोघांनी आपापल्या फोडलेल्या नारळाची अर्धी कवड मागून घेतली.

इस्पितळात तुला बघायला आलो तेव्हाही मी तेच विचारलं. लोक म्हणतील, काय माणूस आहे. पण मला काय हवं होतं ते तुला कळत होतं, बाबल. आमदारकीचं मला आता काही पडलेलं नव्हतं. माझा एकुलता एक दोस्त माझ्या पडण्यावर खूश नव्हता, एवढं त्याने तोंडाने सांगावं असं मला वाटत होतं. तू नाकावरची नळी बाजूला करून हसलास. "दत्त्या, अजून ताच?" म्हणालास आणि नर्सने मला बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं.

तर काल त्या इच्छुकाची फजिती बघून मी घरी आलो. तुझी वहिनी शालन विळीवर बसून खोबरं खवत होती. माझं तोंड सुरू झालं. "बाबल आज होया होतो. पण माका तेचा कौतुक सांगू नको. सगळ्यांसाठी घसो फोडून मागल्यान, आणि माज्या वक्ताक तेची जीभ अडाकली!"

शालन खवायची थांबली नाही. म्हणाली, "जीभ अडाकली नाय. मियाच अडकवलंय."

"म्हणजे?"

"त्या दिवशी सकाळी तुमच्या आधी मी देवळात गेलेलंय, नारळ घेवन. भावजींका सांगलंय, ह्येंका पाडा."

मी खाली बसलो. बसायला पाट कुठे आहे ते न बघता बसलो.

"निवडून इला असतात तर ह्या घराची धर्मशाळा झाली असती," ती म्हणाली. "आणि तुमका खोटा बोलूक येणा नाय. थंय जावन शिकाचा लागला असता. माका ह्या वयात नवो घोव नको होतो."

"आणि बाबल काय म्हणालो?"

"म्हणाले, वयनी, नारळ हाडलास म्हणजे माका गाऱ्हाणा घालूकच होया. पण एक ध्यानात ठेवा. सगळ्या उमेदवारांका जिंकव म्हटला तर देव तेतूरलो एक निवडता. एकाच माणसाक सकाळी पाड म्हणान सांगला आणि दुपारी जिंकव म्हणान सांगला, तर ती देवाची मस्करी जाली. दुपारी तो येतलो तेवा माका विजय मागूक जमाचा नाय."

म्हणजे आमच्या घरातून माझ्याविरुद्ध अर्ज आधीच दाखल झाला होता! बाकीच्या पक्षांनी माझ्याविरुद्ध प्रचाराची इतकी धावाधाव केली ती फुकट गेली. मी हसायला लागलो. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कशाचं ते मला कळेना. मी तिला विचारलं, मग इतकी वर्षं माझ्या शिव्या त्या माणसाने खाल्ल्या, तू तरी का बोलली नाहीस?

आता तिने खवणं थांबवलं. "मी सांगणार होतंय. भावजींनी नको म्हणान सांगल्यानी. म्हणाले, तेचो राग माज्यावरच रवांदे. माजा काय, मी पाठ फिरवन घराकडे जातलंय. तुमका तेच्यावांगडा एका घरात रवाचा आसा."

बाबल, मी उठलो. चपला अडकवल्या आणि तरातरा तुझ्या घराकडे निघालो. इतकी वर्षं मला खोट्या भांडणात घालून वर बांगडे खायला घालणाऱ्या माणसाला आज मी सोडणार नव्हतो. काय काय बोलायचं ते वाटेत सगळं ठरवलं. तुझ्या कुंपणाच्या गडग्याशी पोचलो, बेडं ढकलून आत शिरलो आणि हाक मारायला तोंड उघडलं. समोर ओटीवर तुझी सून दिवा लावत होती. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, "काकानू, या, चाय ठेवतंय." तेव्हा मला आठवलं. मी तिला म्हटलं, सहज आलो होतो. चहा मात्र घेतला. थंड झाल्यावर घेतला, कारण लवकर प्या म्हणून सांगणारं कोणी नव्हतं.

परत आलो तर शालन तशीच बसली होती. मला वाईट वाटलंय हे तिला कळलं असावं. मी तिला म्हटलं, पण त्याने माझ्या पडण्याचं गाऱ्हाणं घातलं तरी कसं गं? सरळ, एका दमात?

"नाय," ती म्हणाली. "माजो नारळ हातात घेतल्यानी आणि वायंच थांबले. मगे म्हणाले, रवा हां वयनी. आणि आपल्या घरामागल्या परड्यात जावन दुसरो नारळ घेवन इले. देवापुढे दोनय ठेवल्यानी. म्हणाले, महाराजा, ह्यो एक वयनीचो. दत्तो पडांदे. आणि ह्यो माजो. पडलो तरी तेचा मन मोडू देव नको."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, अनामत गेलेला माणूस नेहमीच्या वेळी गिरणी उघडून शीळ घालत बसला होता, हे अख्ख्या गावाने बघितलं. लोक सांत्वनाला आले आणि मीच त्यांना हसवून परत पाठवलं. पुढे कोणी पडला की मी त्याला छाती काढून सांगायचो, पडायचं कसं ते दत्त्याकडून शिका. तूही तिथे असायचास, चहा पीत, मान डोलवत. आणि मी ते माझंच काळीज समजत होतो.